हॉट टबची वायर कुठली घ्यायची? (आणि आरसीसीबी सारखा पडतो म्हणून काढून का टाकायचा नाही)

हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. ज्यांना लोकलमध्ये इअरफोन सापडत नाही, ज्यांना आकडे ऐकून डोक्यावरून जातात आणि ज्यांनी मागच्या वेळी "आकडे लिहून दे रे" असा मेसेज केला, त्या सगळ्यांसाठी. बोलताना जे "म्हणजे", "तर", "काय ना" येतं ते बरंचसं काढलंय, बाकी जसं बोललो तसं.

आधीच एक सांगतो. मी बीटेक आहे, पण कॉम्प्युटरवाला. दिवसभर कोड लिहितो. इलेक्ट्रिकलचा एकच पेपर होता पहिल्या वर्षाला, तोही कसाबसा काढला. त्यामुळे हे ऐकून स्वतः पक्कड घेऊन डीबी उघडायला जाऊ नका. काम लायसन्सवाल्या माणसाकडूनच करून घ्यायचं. पण तो माणूस काय करतोय ते आपल्याला कळलं पाहिजे, एवढ्यासाठी आजचा एपिसोड.

[००:०५०] विषय कुठून आला

माझ्या काकांचं पवना धरणाच्या बाजूला छोटं फार्महाऊस आहे. दोन खोल्या, एक पडवी, पुढे अंगण. दोन वर्षांपासून ते वीकेंडला भाड्याने देतात. तिकडे आता प्रत्येकाकडे टब आहे, पाहुणे फोन केल्यावर पहिला प्रश्न विचारतात, "जकुझी आहे का?" मग काकांनीही घेतला. सहा जण बसतील असा, बाहेर अंगणात ठेवायचा, गरम पाण्याचा.

गंमत म्हणून सांगतो, जकुझी हे खरं तर आडनाव आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेले भाऊ, कॅलिफोर्नियात पंप बनवायचे. त्यातल्या एकाच्या मुलाला संधिवात होता, त्याच्या उपचारासाठी त्यांनी टबात ठेवायचा पंप बनवला. १९५६ मध्ये तो बाजारात आला. म्हणजे ही वस्तू मुळात चैनीसाठी नव्हती, दुखण्यासाठी होती.

असो. टब आला आणि काकांचा फोन आला. "अरे, तू इंजिनिअर ना? वायरमन म्हणतोय गीझरच्या पॉइंटवरून चारची वायर ओढतो, तासाभराचं काम आहे. ओढू दे ना?"

मी म्हटलं, "काका, थांबा. शनिवारी येतो."

हे "थांबा" म्हणालो त्याचं मला आजही बरं वाटतं. पुढे काय झालं ते सांगतोच, पण आधी हिशोब.

[०३:२०] पहिला प्रश्न : टब किती खातो?

वायर निवडायची सुरुवात दुकानात होत नाही, टबाच्या पाटीवर होते. टबाच्या कंट्रोल बॉक्सवर किंवा मॅन्युअलमध्ये एक पाटी असते. काकांच्या टबाचा हिशोब साधारण असा होता :

हीटर ३ किलोवॅट. ३००० भागिले २३० व्होल्ट, म्हणजे १३ अँपिअर.
जेटचा पंप २ एचपी, साधारण ९ अँपिअर.
पाणी फिरवणारा छोटा पंप, २ अँपिअर.
हवेचे बुडबुडे सोडणारा ब्लोअर ७०० वॅट, ३ अँपिअर.
दिवे, ओझोन, कंट्रोल कार्ड मिळून १ अँपिअर.

बेरीज २८ अँपिअर. पाटीवर कंपनीने ३२ अँपिअरचा सप्लाय मागितला होता. जुळलं.

आता गीझरशी तुलना करा. घरातला स्टोरेज गीझर २ किलोवॅटचा असतो, म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास. शिवाय तो वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. टबाचा हीटर तसा नाही. हजार-बाराशे लिटर पाणी गार अवस्थेतून तापवायला ३ किलोवॅटचा हीटर तासन् तास चालतो. हिशोब करून बघा : १००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट लागतात. २५ अंशांवरून ३८ वर न्यायचं तर १५ युनिट, म्हणजे ३ किलोवॅटला पाच तास. तेही वाटेत उष्णता उडून जात नाही असं धरलं तर. म्हणजे वायरला दम खायला वेळच मिळत नाही. म्हणून गीझरच्या पॉइंटवरून फाटा काढणं हा विचारच चुकीचा. टबाला डीबीपासून स्वतःची वेगळी लाइन लागते. त्या लाइनवर दुसरं काहीही नाही. अंगणातला दिवासुद्धा नाही. हे "दिवासुद्धा नाही" लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच गाडी येणार आहे.

एक आडवाट सांगतो. बऱ्याच टबांच्या कंट्रोल कार्डवर अशी सेटिंग असते की मोठा पंप चालू असताना हीटर बंद राहतो. मग टब १६ अँपिअरमध्ये भागवतो. पाणी जेट चालू असताना थोडं गार होतं, पण ज्यांचं कनेक्शन लहान आहे त्यांच्यासाठी हा खरोखर चांगला पर्याय आहे.

आणि हो, मीटर. २८ अँपिअर म्हणजे साडेसहा किलोवॅटच्या आसपास. काकांचं मंजूर लोडच ५ किलोवॅट होतं! टब, गीझर आणि एसी एकत्र लागले असते तर काय झालं असतं ते सांगायला नको. मग महावितरणकडे लोड वाढवायचा अर्ज केला, थ्री फेज घेतलं. एक फेज टबाला, उरलेल्या दोन घराला. यात काही आठवडे गेले. काका वैतागले, पण पर्याय नव्हता.

[०८:०५] दुसरा प्रश्न : वायर किती जाड?

आपल्याकडे वायर "अडीचची", "चारची", "सहाची" अशी मागतात. म्हणजे तांब्याच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. जाडी निवडताना दोन गोष्टी बघायच्या आणि बहुतेक लोक पहिलीच बघतात.

पहिली, वायर तापते किती. पाइपातून नेलेल्या तांब्याच्या साध्या पीव्हीसी वायरीसाठी कंपन्यांच्या तक्त्यात साधारण असे आकडे असतात : अडीचची १८ अँपिअर, चारची २४, सहाची ३१, दहाची ४२. आपल्याला हवेत २८, आणि एमसीबी बसणार ३२ चा. चारची तर पहिल्याच फेरीत बाद. आणि इथे एक नियम पाठच करा : एमसीबीचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नको. एमसीबी टबाला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरीला वाचवायला असतो. २४ अँपिअरच्या वायरीवर ३२ चा एमसीबी लावला तर वायर वितळेल आणि एमसीबी शांतपणे बघत बसेल.

मग सहाची? ३१ आणि ३२, अगदी काठावर. पाइपात दुसऱ्या वायरी असतील, वरून ऊन असेल तर क्षमता आणखी कमी होते. म्हणजे सहाचीही नको.

दुसरी गोष्ट अंतर. मीही इथेच चुकलो होतो. पहिला हिशोब केला तेव्हा मी फक्त अँपिअर बघितले आणि काकांना मेसेज टाकला, "केबल जमिनीतून नेली तर सहाची चालेल." मग शनिवारी टेप घेऊन मोजलं. डीबी घराच्या मागच्या बाजूला, टब पुढच्या अंगणात. वळसा घालून ४० मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तांबं ८० मीटर.

तांब्यालाही रोध असतो. चारच्या वायरीला किलोमीटरमागे साधारण ४.९ ओहम, सहाच्या ३.३, दहाच्या १.९. आता ८० मीटर आणि २८ अँपिअरला :

चारची : ११ व्होल्ट वाटेतच गेले. ३०० वॅट उष्णता नुसती वायरीत.
सहाची : साडेसात व्होल्ट. २०० वॅटच्या वर.
दहाची : सव्वाचार व्होल्ट. १२० वॅट.

ही गार वायरीची गोष्ट. वायर ७० अंशांना गेली की रोध आणखी २० टक्के वाढतो. चारची वायर म्हणजे जमिनीत पुरलेली तीनशे वॅटची शेगडी!

"अकरा व्होल्टने काय होतंय?" असं वायरमन दादा म्हणालेच. शहरात कदाचित फार काही होणार नाही. पण तिकडे संध्याकाळी सगळे टब, सगळे गीझर एकदम लागतात तेव्हा डीबीवरच २०५ व्होल्ट येतात, मी स्वतः मीटर लावून बघितलेत. त्यातले आणखी अकरा-तेरा गेले की पंपाला १९२ मिळतात. हीटर फक्त मंद होतो, बिचारा. मोटर तशी नसते. व्होल्टेज पडलं की मोटर तेवढंच काम ओढायला जास्त करंट खेचते, तापते, आणि एक दिवस जळते.

निर्णय : दहाची. तीन कोअरची, तांब्याची, आर्मर्ड केबल. तीन कोअर म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थ. आर्मर्ड म्हणजे बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत, कारण अंगणात कुदळ चालते, उंदीर, घुशी असतात. चर पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटांची रांग आणि त्यावर धोक्याची पिवळी-लाल पट्टी. पुढच्या माणसाने खणलं तर आधी पट्टी दिसली पाहिजे. केबलच्या दोन्ही टोकांना ग्लँड लावून ते चिलखतही अर्थला जोडायचं.

वायर घेताना आयएसआय मार्क बघा. बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, त्यात लायसन्स नंबर टाकला की खरा की खोटा ते कळतं. फोन हातात आहेच, दहा सेकंदांचं काम.

[१३:४०] तिसरा प्रश्न, खरा प्रश्न : माणूस कसा वाचणार?

इथपर्यंत सगळं वायर जळू नये म्हणून चाललं होतं. आता माणसाचं.

कोरड्या हाताने शॉक बसला तर आपण "आई गं" म्हणून हात मागे घेतो. कोरड्या कातडीचा रोध बराच असतो. पण टबात तुम्ही गळ्यापर्यंत पाण्यात आहात, कातडी भिजून मऊ झालीय. रोध हजार ओहमच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. २३० व्होल्ट भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला याच्या बऱ्याच कमी करंट पुरतो. आणि त्याच्याही आधी स्नायू आखडतात. पाण्यात स्नायू आखडले की माणूस बुडतो, तेही कंबरभर पाण्यात.

"पण एमसीबी आहे ना?" नाही मंडळी. एमसीबीला ३२ अँपिअर, म्हणजे ३२००० मिलिअँपिअर ओलांडल्याशिवाय काही घडलंय हेच कळत नाही. तुमच्यातून जाणारे २३० मिलिअँपिअर म्हणजे त्याच्या दृष्टीने एक जादाचा बल्ब.

"पण अर्थिंग आहे ना?" हे सगळ्यात महत्त्वाचं, नीट ऐका. आमच्याकडचा खडक काळा बसाल्ट, वर थोडा मुरूम. अशा जमिनीत अर्थिंग चांगलं मिळत नाही. समजा खड्ड्याचा रोध २० ओहम आला. आता हीटर फुटला आणि फेज टबाच्या धातूला लागला. करंट किती जाईल? २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. ३२ चा एमसीबी पडेल का? कधीच नाही. तो आयुष्यभर पडणार नाही. अर्थिंग "आहे", एमसीबी "आहे", आणि टबाच्या शिडीवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट उभे आहेत.

म्हणून आरसीसीबी. त्याचं डोकं अगदी साधं आहे. फेजमधून जेवढा करंट गेला, न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का? आला तर ठीक. ३० मिलिअँपिअर कमी आला तर कुठेतरी गळतोय, कदाचित माणसातून. लगेच तोडून टाकतो, सेकंदाच्या काही शतांश-दशांश भागात. माझ्यासारख्याला समजायला सोपं : चेकसम. पाठवलेलं आणि मिळालेलं जुळलं नाही, कनेक्शन ड्रॉप.

वरच्या उदाहरणात साडेअकरा अँपिअर गळतायत, आरसीसीबी तत्क्षणी पडेल. वीस ओहमचं अर्थिंगही मग चालून जातं. पण अर्थिंग अजिबात नसेल तर आरसीसीबी केव्हा पडेल माहितीय? जेव्हा कुणीतरी हात लावेल आणि गळती त्याच्यातून होईल तेव्हा. म्हणून दोन्ही हवेत.

खरेदीची यादी : आरसीसीबी ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा. १०० किंवा ३०० चा घेऊ नका, ३०० चा आग लागू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. टबात इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतात म्हणून "टाइप ए" घ्या, साधा "एसी" नको. पंपाला व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह असेल तर मॅन्युअलमध्ये कुठला टाइप मागितलाय ते बघा. आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, म्हणून त्याच्यासोबत ३२ चा सी कर्व्ह एमसीबी. सी अशासाठी की मोटर सुरू होताना क्षणभर मोठा करंट खेचते, बी कर्व्हचा उगाच पडत राहील.

आणि दर महिन्याला आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर टब बंद, आधी तो बदलायचा. फक्त लक्षात घ्या, बटण दाबून आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही. अर्थिंग वेगळं मोजून घ्यावं लागतं.

[१८:३०] जागा आणि जोडणी, पटकन

पाण्याच्या कडेपासून २ मीटरपर्यंत आणि उंचीत अडीच मीटरपर्यंत सॉकेट नको, स्विच नको. जलतरण तलावांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातली ही हद्द आहे. साधं कारण : टबात बसलेल्या माणसाचा ओला हात कुठल्याही बटणापर्यंत पोचता कामा नये. पाण्याच्या आतल्या दिव्यांना १२ व्होल्टच.

पण टब बंद करायचा आयसोलेटर मात्र नजरेच्या टप्प्यात हवा. हाताच्या बाहेर, डोळ्यासमोर. कुणाला काही झालं तर काठावरचा माणूस धावत जाऊन पाडू शकेल असा. घराच्या मागे डीबीपर्यंत ४० मीटर पळायला लागू नये. डबा पावसाळी, आयपी ६५ वगैरे. मावळातला पाऊस आडवा येतो हे मी सांगायला नको.

आणि आजूबाजूचा सगळा धातू, म्हणजे शिडी, रेलिंग, पंपाची बॉडी, धातूचे पाइप, हे सगळं एकमेकांना तांब्याच्या तारेने जोडून अर्थला न्यायचं. शॉक बसतो तो दोन ठिकाणच्या व्होल्टेजच्या फरकामुळे. सगळं एकाच पातळीवर असलं की फरकच राहत नाही.

[२१:१०] शुक्रवारची रात्र

आता ती गोष्ट. सगळं झालं. थ्री फेज आलं, केबल पुरली, पॅनेल बसलं. दिवाळीनंतरचा शनिवार, पहिले पाहुणे येणार, दोन कुटुंबं, चार लहान मुलं. शुक्रवारी दुपारी टब चालू केला. छान चालला. पाणी ३६ अंशांपर्यंत आलं. संध्याकाळी साडेसहाला, फट. आरसीसीबी पडला. वर केला, पुन्हा फट.

वायरमन दादा आले. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, हे नवीन आरसीसीबी लई नाजूक असतात. पावसाळी हवेनं पण पडतात. बायपास करून देतो, एमसीबी आहेच की. आजवर इतकी कामं केली, कुणाला काय झालं नाही."

काका माझ्याकडे बघायला लागले. उद्या सकाळी पाहुणे. ॲडव्हान्स घेतलेला. काकू आतून म्हणाल्या, "एक दिवसापुरतं करा ना, सोमवारी बघू नीट."

खरं सांगू? एक क्षण माझ्याही मनात आलं, एक दिवस तर आहे. ऑफिसमध्ये शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट फेल होते तेव्हा आपण काय करतो? टेस्ट कमेंट करतो आणि डिप्लॉय करतो. मीही केलंय. पण तिथे वेबसाइट पडते. इथे चार मुलं पाण्यात उतरणार होती.

मी म्हटलं, "दादा, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे. पण हा पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय. कधी पडतो ते आधी बघू या का?"

मग आम्ही दोघांनी मिळून बग शोधला, अक्षरशः. आधी टबाची केबल सोडली. दादांनी मेगर आणला, ५०० व्होल्टवर हीटर तपासला. नव्या हीटरमध्ये ओल गेली असेल तर गळतो, तो नेहमीचा संशयित. रीडिंग उत्तम, एक मेगाओहमच्या कितीतरी वर. पंप तपासले, ठीक. केबल ठीक. मग सगळं सोडलेलं असताना, टबच जोडलेला नसताना, आरसीसीबी वर केला. पुन्हा फट!

म्हणजे टबाचा काही संबंधच नव्हता. मग दुपारी का चालला?

काकूच म्हणाल्या, "दुपारी अंगणातला दिवा बंद होता."

दिवा बंद केला. आरसीसीबी वर केला, राहिला. दिवा लावला, फट.

दादांनी डोक्याला हात लावला. टबाशेजारचा नवा दिवा त्यांच्या हाताखालच्या मुलाने जोडला होता. फेज घरातल्या जुन्या स्विचवरून आला होता. न्यूट्रल मात्र जवळ होता म्हणून टबाच्या पॅनेलमधून, आरसीसीबीच्या पुढून उचललेला. दिवा १८ वॅटचा, म्हणजे साधारण ८० मिलिअँपिअर. हे ८० मिलिअँपिअर आरसीसीबीच्या फेजमधून कधी गेलेच नाहीत, पण न्यूट्रलमधून परत येत होते. हिशोब जुळेना. ३० च्या वर फरक, पाडलं.

आरसीसीबी नाजूक नव्हता. तो अगदी बरोबर होता. दुसऱ्याचा न्यूट्रल उसना घेतला की हेच होतं, आणि ते नुसतं पडण्यापुरतं नाही. कुणीतरी टबाचा मेन बंद करून आत काम करत असता आणि वर दिव्याचा स्विच चालू असता तर त्या "बंद" पॅनेलच्या न्यूट्रलवर दिव्यातून आलेला करंट उभा राहिला असता.

दिव्याचा न्यूट्रल त्याच्या स्वतःच्या सर्किटला जोडायला वीस मिनिटं लागली. रात्री नऊला टब चालू, दिवा चालू, आरसीसीबी शांत. दादांनी जाताना स्वतःहून टेस्टचं बटण दाबून दाखवलं आणि काकांना म्हणाले, "हे महिन्याला दाबत जा." मला तेवढं पुरेसं होतं.

विचार करा, त्या संध्याकाळी बायपास केला असता तर सगळं "व्यवस्थित" चाललं असतं. शनिवारीही, रविवारीही. कुणालाच काही कळलं नसतं. आणि सोमवारी "नीट बघू" हे कुणी बघितलं असतं? चालू असलेल्या गोष्टीकडे सोमवारी कुणी बघत नाही. मग दोन-तीन पावसाळ्यांनी हीटर फुटला असता तेव्हा मधे कुणीच उभं नसतं.

[२७:४५] अमेरिकेतल्या मंडळींसाठी

न्यू जर्सी, टेक्सासवाल्यांचे मेसेज येतात म्हणून थोडक्यात. तुमच्याकडे टब बहुतेक २४० व्होल्ट, ५० अँपिअरचा, चार तारांचा : दोन हॉट, एक न्यूट्रल, एक ग्राउंड. वायर सहसा ६ एडब्ल्यूजी तांब्याची, म्हणजे आपल्या हिशोबाने १३ चौरस मिमी. आपला आरसीसीबी तो तुमचा जीएफसीआय, आणि तो ५ मिलिअँपिअरच्या आसपासच पडतो, आपल्यापेक्षा कडक. डिसकनेक्ट टबापासून किमान ५ फूट लांब आणि नजरेच्या टप्प्यात. परमिट काढा, इन्स्पेक्शन करून घ्या, शेजाऱ्याने नाही काढलं म्हणून टाळू नका. १२० व्होल्टचा प्लग लावायचा छोटा टब असेल तर एक्स्टेंशन कॉर्ड नको. आणि तिकडची नेहमीची चूक ऐका : जीएफसीआय ब्रेकरची पांढरी शेपटी न्यूट्रल बारला जाते, पण टबाचा न्यूट्रल बारला नाही, ब्रेकरलाच जोडायचा. बारला जोडला की लावल्या लावल्या ट्रिप. बघा, पवना काय आणि टेक्सास काय, रडकथा न्यूट्रलचीच!

[३०:००] जाता जाता

तुमच्याकडे टब नसेल, माझ्याकडेही नाही. पण गीझर आहे, वॉशिंग मशीन आहे, गावी मोटर आहे. आज घरी गेल्यावर एकच करा. डीबीचं झाकण उघडा, आत हात घालू नका, नुसतं बघा. "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं छोटं बटण आहे का? असेल तर घरच्यांना सांगून दाबा, कॉम्प्युटर आधी बंद करा, नाहीतर मला शिव्या घालाल. खटका पडला तर छान. बटणच नसेल किंवा दाबूनही काही झालं नाही तर वायरमनला फोन करा. आणि तो "त्याची काय गरज नाही" म्हणाला तर हा एपिसोड त्याला पाठवा. प्रेमाने.

काकांचं बरं चाललंय. ते दर महिन्याच्या एक तारखेला बटण दाबतात आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, पडलेल्या खटक्याचा. ग्रुपवर बाकीच्यांना कळत नाही हा कसला फोटो. मी अंगठा देतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि न्यूट्रल उसना घेऊ नका!